बिनधुराची तिन्हीसांज

आमच्या पिढीच्या घरांना धुराचं वावडं नव्हतं. पहाटे बंबात ढलप्या पडल्या की मोरीत धूर, मग चुलीचा किंवा शेगडीचा, दुपारी जरा उसंत आणि दिवेलागणीला देवापुढे ऊद. कुणी सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढलं, कुणी गिरगावातल्या चाळीत, कुणी राजापूरकडच्या कौलारू घरात. पण आज सत्तरीच्या आसपास असलेल्या आम्हा सगळ्यांना संध्याकाळ घड्याळाआधी नाकाला कळायची. आजी चुलीतला फुललेला निखारा धूपाटण्यात काढायची, त्यावर ऊद, राळ, कधी गुग्गुळ टाकायची आणि देव्हाऱ्यापासून निघून माजघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली, मागीलदार असं सगळं घर फिरून यायची. कोपऱ्यांत जरा जास्त वेळ थांबायची. कोपऱ्यांत डास असतात म्हणून, आणि तिथे आणखीही काही दबा धरून असतं अशी तिची पक्की समजूत होती म्हणून. दोन्ही कारणं ती एकाच सुरात सांगे.

धूर काही आमच्या एकट्यांचा नव्हता. बाजारपेठेत हिरव्या कफनीतला फकीर दुकानादुकानांतून लोबानचा धूर देत जायचा आणि आमचे मारवाडी, ब्राह्मण, लिंगायत दुकानदार त्याच्या हातावर पैसा ठेवून तो धूर गल्ल्यावर घ्यायचे. ग्रँट रोडकडच्या पारशी घरांतून सुखड-लोबानचा वास जिन्यावर उतरायचा. गोव्याच्या चर्चमध्ये सणाच्या मिस्साला साखळीचं धूपपात्र हलायचं. घर झाडायचं, सारवायचं आणि मग धुपवायचं, हा क्रम कुणाला समजावून सांगावा लागत नसे.

दृष्ट काढणं तर धुराशिवाय पुरंच व्हायचं नाही. मूठभर मीठ-मोहरी, विषम आकड्यातल्या सुक्या मिरच्या, केरसुणीचे दोन-चार हीर, कुणाकडे वाटेवरची चिमूटभर माती. लेकराला पूर्वेकडे तोंड करून बसवायचं, मूठ तीनदा अंगावरून उतरवायची, तोंडानं आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, भुताखेताची अशी सगळ्यांची नावं घ्यायची आणि मूठ चुलीत टाकून द्यायची. मोहरी तडतडायची. मिरच्यांचा ठसका उठला तर काही फारसं नव्हतं, आणि ठसका आलाच नाही तर आजीचा चेहरा गंभीर व्हायचा, कारण मग दृष्ट 'मोठी' होती, तिनं ठसकाही गिळला होता. ताप कशानं आला ते तिलाही ठाऊक असायचं. डॉक्टरांची बाटलीही शेजारी कोनाड्यात असायची. तरी त्या मुठीनं घराला धीर यायचा. लेकराकडे पाच मिनिटं सगळं घर थांबून बघायचं, त्याच्यावरून कुणाचा तरी हात फिरायचा. मला आजही वाटतं, गुण त्याचा होता.

बाळंतिणीच्या खोलीचा धूर वेगळा. ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणाच्या साली, धूप. न्हाऊ घातलेल्या बाळाचं दुपटं शेगडीवर धरून धुपवायचं, बाळंतिणीच्या ओल्या केसांखाली धुरी ठेवायची, बाजेखाली शेक द्यायचा. चाळीस दिवस त्या खोलीत शिरलं की डोळे चुरचुरायचे. आम्ही सगळे त्या धुरातून गेलेलो.

पण तेव्हा धूर घरात मुक्कामाला नसायचा, हे आज लक्षात घ्यायला हवं. कौलांच्या फटींतून तो वर जायचा, वाशांना काळं करून कीड लागू द्यायचा नाही आणि आभाळात मिसळायचा. वाड्याला चौक होता. चाळीला समोर गॅलरी आणि मागे खिडकी होती. मग आम्ही फ्लॅटमध्ये आलो. चुलीच्या जागी गॅस आला, बंबाच्या जागी गिझर आला, घरातला एकेक धूर आपणहून निघून गेला. उरला तो फक्त देवाचा. सरकत्या काचा, डासांच्या जाळ्या, वरती काँक्रीटचा स्लॅब, शिवाय एसी लावायचा म्हणून खिडकी बंद. देव्हारा स्वयंपाकघरातल्या एका कपाटात. उदबत्तीच्या पुड्यावर चंदन आणि मोगऱ्याची चित्रं असली तरी आत बांबूच्या काडीवर कोळशाची पूड, चिकटवणारं जिगट, लाकडाचा भुस्सा आणि बाटलीतलं सेंट. जुनी मसाला उदबत्ती करणारे अजून आहेत, पण त्यांचा माल सगळ्या घरांत पोचत नाही.

आमच्याकडे हा प्रश्न थोरल्या जाऊबाईंमुळे आला. त्यांना दमा होता. संध्याकाळी धूपाटणं फिरलं की त्या गच्चीवर जाऊन उभ्या राहायच्या, पावसाळ्यातसुद्धा. देवाचं काम आहे, त्यात आपला खोकला कशाला मधे आणायचा, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण. अखेर एका गणेश चतुर्थीला, पूजा चालू असताना त्यांचा श्वास अडकला, आणि पूजा सांगणाऱ्या गुरुजींनीच समोरची उदबत्ती उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली. सासूबाई कासावीस झाल्या. "गुरुजी, धूपाचं काय?" गुरुजींनी शांतपणे सांगितलं, "आई, जो उपचार करता येत नाही त्या जागी अक्षता वाहायच्या. वस्त्र नसेल तर वस्त्राच्या जागी वाहतो ना? तसंच." आणि धूपाच्या वेळी त्यांनी यजमानांच्या हातून चार अक्षता वाहवल्या, पूजा पुढे चालू केली.

ही सोय विधीत पहिल्यापासून आहे. पंचोपचार म्हणजे गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य. षोडशोपचारांतही धूप ही एक पायरी. तिच्या आधी गंध आहे, फुलं आहेत, आणि त्या दोन्हींना काडेपेटी लागत नाही. मानसपूजेत हेच पाच उपचार पंचमहाभूतांशी जोडलेले आहेत. गंध पृथ्वीचं, पुष्प आकाशाचं, धूप वायूचा, दीप अग्नीचा, नैवेद्य जलाचा. मानसपूजेत निखारा नसतो, द्रव्य नसतं, माणूस नुसता डोळे मिटून बसतो, आणि तीही पूजा पुरी मानली जाते. धूप हा वायूचा उपचार असेल तर वायू शुद्ध राखणं त्यातच आलं, असं मी सासूबाईंना म्हटलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून ऊदाचा डबा फडताळाच्या वरच्या खणात गेला.

नंतर आकडे वाचनात आले तेव्हा जाऊबाईंचा खोकला पुन्हा ऐकू आला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यात म्हटलं आहे की एक ग्रॅम उदबत्ती जळताना ४५ मिलिग्रॅमहून अधिक सूक्ष्म कण हवेत जातात. सिगारेटच्या एका ग्रॅममागे हे प्रमाण सुमारे १० मिलिग्रॅम. त्याच वर्षी सिंगापूरमधल्या ६१,३२० चिनी वंशाच्या रहिवाशांचा अनेक वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास छापून आला. त्यांच्या घरांतही आपल्यासारखाच रोज देवापुढे आणि पूर्वजांपुढे उदबत्ती लावण्याचा रिवाज. वर्षानुवर्षं घरात उदबत्ती जाळणाऱ्यांत श्वसनमार्गाच्या वरच्या भागातल्या काही कर्करोगांचं प्रमाण जास्त आढळलं. यावरून कुणी देवापुढची एक काडी बघून दचकू नये. पण बंद फ्लॅटमध्ये सकाळ-संध्याकाळ, शेजारी दमेकरी किंवा तान्हं मूल असताना, हे चालू ठेवायला कोणतंही शास्त्र सांगत नाही. धर्माचंही नाही आणि वैद्यकाचंही नाही.

मग घर पुन्हा वासानं भरायचं कशानं? ह्यासाठी आम्हाला बाजारात जावं लागलं नाही. माळ्यावर चढावं लागलं. तिथे सहाण होती, चंदनाचं झिजून बोटाएवढं उरलेलं खोड होतं, आणि रुमालात गुंडाळलेली चांदीची अत्तरदाणी-गुलाबदाणी होती.

सहाणेबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या लहानपणी गंध उगाळणं हे मुलांचं काम. सहाणेवर पाण्याचे दोन थेंब, खोड उभं धरून गोल गोल, घाई केली तर गंध पातळ होतं म्हणून ओरडा. सणाला त्यात केशराच्या दोन काड्या. उगाळणाऱ्याच्या हाताला दुपारपर्यंत वास राहायचा. आज चंदन महाग आहे, आणि खात्रीचं खोड मिळवणं त्याहून कठीण. पण एक खोड सहाणेवर पिढी-दोन पिढ्या पुरतं. तेच लाकूड जाळलं तर एका संध्याकाळीही पुरत नाही. गुग्गुळाची गोष्ट तर आणखी दुःखाची. राजस्थान-गुजरातेतल्या कोरड्या रानातलं ते खुरटं काटेरी झुडूप. जास्त डिंक काढायच्या हव्यासानं त्याच्या खोडाला इतक्या खोल खाचा घातल्या गेल्या की झुडपंच मरत गेली. जागतिक यादीत त्याची नोंद अति संकटग्रस्त म्हणून आहे. निखाऱ्यावर गुग्गुळ टाकताना आजीला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. आपल्याला माहीत आहे.

अत्तरदाणी मात्र आमच्या पिढीतल्या बायकांचा खास ठेवा. चैत्रातलं हळदीकुंकू आठवून पाहा. झोपाळ्यात बसवलेली गौर, भोवती मांडलेली आरास, कलिंगडाची कातरलेली कमळं, आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. दारातून येणाऱ्या प्रत्येकीला आधी हळदीकुंकू, मग घरातली एखादी मुलगी पुढे होऊन तिच्या पालथ्या हातावर काडीनं अत्तर लावायची आणि दुसरी गुलाबदाणीनं गुलाबपाणी शिंपडायची. हिना, वाळा, मोगरा. ते अत्तर कनौजहून आलेलं असायचं. तिथे अजूनही तांब्याच्या डेगीत फुलं आणि पाणी घालून, झाकण मातीनं लिंपून, बांबूच्या नळीतून वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. एका थेंबात मोगऱ्याच्या शेकडो कळ्या. पन्नास बायका येऊन गेल्या की संध्याकाळी त्या दोन खोल्यांत जो वास असायचा तो कोणत्याही धूपानं दिला नाही. आणि कुणी खोकलं नाही. जाऊबाई त्या दिवशी घरभर मोकळेपणानं वावरायच्या.

बुक्क्याचंही तसंच. पंढरपूरला जाऊन आलेलं कुणी घरी आलं की पिशवीतून आधी बुक्क्याची पुडी निघायची. नागरमोथा, वाळा, कापूरकाचरी, चंदन अशा द्रव्यांची ती काळसर पूड. विठ्ठलाच्या कपाळी तीच आणि वारकऱ्याच्याही कपाळी तीच. लाखो माणसं एकमेकांना बुक्का लावतात, उराउरी भेटतात, सगळी वाट सुगंधी होते. एवढा मोठा भक्तिसंप्रदाय सुवासासाठी धुरावर अवलंबून राहिला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आमच्या घरी देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या वाटीत आता बुक्का उघडा असतो. दारातून आत येणाऱ्याला तो जाणवतो.

दवणा चैत्राचा. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या यात्रेत गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा उधळतात आणि परतणारी माणसं त्याच्या जुड्या घरी आणतात. ही वनस्पती वाळताना वासानं कमी होत नाही, उलट गोड होत जाते. जुडी देव्हाऱ्याशेजारी टांगली की महिनाभर खोलीत तिचं अस्तित्व राहतं. पाठोपाठ मरवा. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी, खिडकीला वाळ्याचा पडदा आणि त्यावर संध्याकाळी पाण्याचा शिपका. भाद्रपदात केवडा. त्याचं पान नंतर पातळांच्या ट्रंकेत जायचं. कोकणात सुरंगीचे वळेसर. बकुळीची फुलं तर सुकून पुस्तकात वर्ष काढतात आणि वास सोडत नाहीत. दिवाळीला उटणं. अशी आमच्या घरांची पंचांगाबरोबर फिरणारी गंधयात्रा होती. धूप हा तिच्यातला एकच मुक्काम. तो सोडला म्हणून यात्रा थांबली नाही.

दृष्टीचं काय केलं, असं मला पुष्कळ जणी विचारतात. खासकरून ज्या लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला किंवा लंडनला जाऊन आल्या त्या. त्यांतल्या कितीजणींनी पहिल्याच आठवड्यात इलेक्ट्रिक शेगडीवर मिरच्या टाकल्या आणि छतावरच्या धुराच्या घंटेनं अख्खी इमारत जागी केली, हे त्या स्वतःच सांगतात. जावई खुर्चीवर चढून पुठ्ठ्यानं वारा घालतोय, बाळ घंटेनं किंचाळतंय. आता तिथल्या आज्या मीठ-मोहरी ओवाळून पाण्याच्या भांड्यात सोडतात आणि ते पाणी बेसिनमध्ये ओतून देतात. मीठ विरघळलं की दृष्ट विरघळली. ही पद्धत तिकडे शोधलेली नाही. ज्या घरांत संध्याकाळी चूल विझलेली असायची तिथे आमच्या आज्याही मूठ वाहत्या पाण्यात सोडत. नवी नवरी उंबऱ्यावर आली किंवा बाळंतीण बाळ घेऊन माहेरून आली की भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकतात, त्यात कुठे काय जळतं? बाळाच्या गालावर काजळाची तीट, मनगटात दृष्टमणी. औक्षणाला तुपातली निरांजन, वात तोकडी असली की ती काजळीही धरत नाही. परदेशातल्या सगळ्यांना एवढंच सांगेन की त्या घंटेची बॅटरी काढू नका, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधू नका. आपलं लेकरू राखण्यासाठीच ती तिथे आहे.

बाळंतिणीची धुरी आम्ही थांबवली ती पूर्णपणे. तान्ह्या बाळाच्या खोलीत कसलाच धूर नको, हे कोणताही बालरोगतज्ज्ञ सांगेल. ओवा मात्र राहिला. मऊ फडक्यात ओव्याची पुरचुंडी बांधून तव्यावर कोमट करायची, आधी आपल्या मनगटाला लावून बघायची आणि बाळंतिणीच्या कंबरेला, पाठीला शेकायची. खोलीत ओव्याचा वास भरतो. सासूबाईंना तेवढ्या वासानं समाधान व्हायचं.

बाजारात आता विजेच्या कापूरदाण्या, अत्तराची वाफ सोडणारी यंत्रं, 'कमी धुराच्या' उदबत्त्या, बांबू नसलेल्या धूपकांड्या असं पुष्कळ मिळतं. धूपकांडीतून बांबू गेला म्हणून धूर जात नाही, उलट ती जाडजूड कांडी बरीच धुमसते. कमी धुराची म्हणजे बिनधुराची नव्हे. कापूर तापवून उडवणारी दाणी पुष्कळ घरांत दिसते. तिला ज्योत नाही हे खरं, पण कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर तो विषारी आहे, आणि ती पांढरी वडी मुलांना बत्तासा वाटते. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल त्या घरात मी ती लावणार नाही. वाफेच्या यंत्रात तेलाचे चार थेंब पुरतात. दमेकऱ्याला उग्र वासाचाही त्रास होतो, तेव्हा खिडकी उघडी हवीच. ही यंत्रं वाईट नाहीत, मला त्यांची गरज वाटत नाही एवढंच. ज्या घरात सहाण आहे आणि कुंडीत मोगरा आहे त्या घराला वेगळं काय विकत घ्यायचं?

काही गेलं, हे मान्य आहे. धूपाटण्यातून वर चढणारी ती निळसर रेघ, आजीच्या लुगड्याला मुरलेला ऊद, आरतीच्या वेळी देवाचा मुखवटा धुरामागून दिसायचा ते. देवळाच्या मोकळ्या सभामंडपात हे सगळं अजून भेटतं, आणि मी ते डोळे भरून बघते. त्याची जागा तिथे आहे, जिथे वर आभाळ आहे.

जाऊबाई शेवटची काही वर्षं तिन्हीसांजेला स्वतः देवापुढे बसत. समईत दोन वाती, सहाणेवर ताजं गंध, वाटीत बुक्का, आणि शुभंकरोती म्हणताना श्वास मोकळा. सून म्हणून घरात आल्यापासून संध्याकाळची पूजा त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती.

तुमच्या घरीही कुणीतरी अशा वेळी खोकला दाबत बाल्कनीत जाऊन उभं राहत असेल. त्यांना आत बोलवा. माळ्यावरची सहाण आणि अत्तरदाणी खाली काढा, घासून लख्ख करा, आणि येत्या चैत्रगौरीला उदबत्तीचं घर रिकामं ठेवून हळदीकुंकू करा.